आधी फोन, मग पुसणं

रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या गार खोलीत संगणकाची दोन यंत्रं शेजारी शेजारी उभी होती. वायरमनकाका त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. वॉर्डातल्या प्रत्येक औषधाची, तपासणीची नोंद थोरलीत व्हायची आणि धाकटी ती लगोलग जशीच्या तशी उतरवून घ्यायची. थोरली दर सेकंदाला 'मी आहे' असा एक ठोका धाकटीला पाठवी. ठोका चुकला की धाकटी कारभार हाती घेई. त्याला अकरा सेकंद लागत.

हे सगळं वेळेला चालतं की नाही ते पाहायला दर बुधवारी सकाळी अकरा वाजता एकीची वायर मुद्दाम उपटायची, हा ती यंत्रं सांभाळणाऱ्या मशीनताईचा नेम. अख्खं रुग्णालय तिला मशीनताईच म्हणे. भुताखेतांच्या गप्पांना तिच्यापुढे थारा नव्हता. आई गेल्यापासून तिला वडिलांखेरीज कोणी नव्हतं, आणि ते महिनाभर वरच्या वॉर्डात चौदा नंबरच्या खाटेवर निपचित पडून होते. तरी तिने एक बुधवार चुकवला नव्हता.

त्या बुधवारी दार उघडताच वास आला. आंबूस, कोमट, न घासलेल्या तोंडासारखा. उंदीर मेला असेल म्हणून तिने कानाकोपरा धुंडाळला, काही सापडलं नाही. धाकटीच्या पत्र्याला हात लागला तर बोटांना काहीतरी तेलकट, चिकट लागलं. पुसलं, तर पुन्हा आलं. पत्र्याला घाम सुटत नाही हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिला शिसारी आली.

काकांनी नाकाला रुमाल लावला. "ताई, हे तेल नव्हे," एवढंच ते म्हणाले.

अकराच्या ठोक्याला काकांनी थोरलीची वायर उपटली. अकरा सेकंदांनी धाकटीने कारभार घेतला. मग थोरली पुन्हा सुरू करून ताईने दोघींच्या नोंदी ताडून पाहिल्या. सगळ्या जुळल्या, एक सोडून.

थोरलीची शेवटची नोंद, वायर निघण्याच्या क्षणाची: खाट चौदा, मृत्यू.

धाकटीची पहिली नोंद, त्यानंतर अकरा सेकंदांची: खाट चौदा, प्रकृती स्थिर.

दोन नोंदींत भांडण लागलं तर खरी कोणती ते माणसाने ठरवायचं आणि दुसरी कायमची पुसायची. त्याआधी वॉर्डाला फोन करून विचारायचं. हा नियम ताईनेच लिहून भिंतीवर डकवला होता. तिने फोन उचलला. ठेवला. आणि थोरलीची नोंद पुसून टाकली.

फोन वाजला. वरच्या सिस्टर होत्या.

"ताई, मी तुम्हाला कळवणारच होते की... नको, राहू दे. बाबा उठून बसलेत. खायला मागतायत."

त्यांच्या आवाजात आनंद नव्हता.

ताई धावतच वर गेली. वडिलांनी हसून हात पुढे केला. तो तिने दोन्ही हातांत घेतला. कोमट होता, तेलकट, चिकट. वासही तोच. तिला गहिवरून यायला हवं होतं. तिने हात सोडून तळवे पुसले. वडिलांच्या दुसऱ्या हाताचं बोट खाटेच्या दांडीवर वाजत होतं. टक. टक. तिने घड्याळात पाहिलं. मिनिटाला बरोबर साठ.

आठवडा असाच गेला. ती त्यांना रोज दोनदा पुसून काढी आणि मग स्वतःचे हात साबणाने खसाखसा धूत राही. आपल्याच बापाची किळस येते याची तिला लाज वाटे, पण किळस जाईना.

बुधवार आला. आता कारभार धाकटीकडे, म्हणजे पाळी तिच्या वायरीची. चाचणी रद्द करणं ताईच्या हातात होतं. तिने काकांना वायर उपटायला खाली पाठवलं आणि स्वतः वडिलांना कुस्करलेला बटाटा भरवत बसली. तिला पाहायचं होतं.

अकरा वाजले.

बोट थांबलं.

जबडा चावता चावता उघडाच राहिला. जिभेवर पांढरा लगदा. डोळे तिच्यावर. छाती हलत नव्हती.

ती मोजत राहिली. सात. आठ. ओठातून लाळेची तार निघून हनुवटीवर आली.

दहा.

अकरा.

टक.

जबडा मिटला. वडिलांनी घास गिळला आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

तिने त्यांची हनुवटी पुसली, श्वास रोखून धरला आणि चमचा भरला.