पहारेनं उडालेला टवका

"खोक्याला हात लावायचा नाही! सील केलंय ते!" लॅकलन खेकसला.

केझियाने हात मागे घेतला, पण ती जागची हलली नाही. त्या खोक्यात तिच्या आजोबांना ओढ्याच्या काठी सापडलेली दोन हाडं होती. हजारो वर्षांपूर्वीच्या राक्षसी कांगारूच्या मांडीची, एक डावं आणि एक उजवं! उद्या शनिवारी गावच्या चिमुकल्या संग्रहालयात ती सगळ्यांना दिसणार होती. संग्रहालय सांभाळणाऱ्या बर्निस मावशींनी दीडशे लॅमिंग्टन केक करायला घेतले होते. आणि आज सकाळी शहरातून प्रोफेसर प्रुएटबाईंचं पत्र येऊन थडकलं होतं: प्रदर्शन रद्द!

"पण कारण काय?" केझियाच्या चुलतभावाने, डिग्बीने विचारलं.

लॅकलन संग्रहालयाचं कॉम्प्युटरचं काम बघायचा. त्याने लॅपटॉप मुलांकडे वळवला. "मी दोन्ही हाडांची कॉम्प्युटरवरची मॉडेलं पाठवली होती. प्रोफेसर म्हणतात, उजवं हाड म्हणजे डाव्याचं आरशातलं रूप आहे, केसभरही फरक नाही. कुठल्याच प्राण्याचे डावे-उजवे अवयव इतके सारखे नसतात. म्हणजे एक हाड खरं आणि दुसरं कुणीतरी प्लास्टरचं केलेलं."

"कुणीतरी म्हणजे आमचे आजोबा?"

लॅकलनने छताकडे बघितलं.

क्लॅरी आजोबांनी पन्नास वर्षं या भागातल्या मेंढ्या भादरल्या होत्या. त्यांना लबाड म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. सकाळपासून ते हॅट मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसले होते, चहाला तोंडही लावलं नव्हतं. केझियाला ते बघवत नव्हतं. ती म्हणाली, "चला रे, आधी ती मॉडेलं बघू."

बाहेरच्या दालनात पाहुण्यांसाठी मोठा पडदा होता. कॅफेवाल्या पपासकाकांची नीना तिथेच उभी होती. तिने बोट फिरवलं आणि पडद्यावर हाडं गोल फिरू लागली. इतक्या काळजीत असूनही केझिया बघतच राहिली! गेल्या आठवड्यात लॅकलनने मॉडेल करायचं स्कॅनर यंत्र हाडावरून फिरवलं, तेव्हा उजेडाचे पट्टे सरसर धावले होते आणि पडद्यावर हाड बोट-बोटभर उगवत गेलं होतं. बारीक खाच, भेग, काही म्हणता काही सुटलं नव्हतं. हजार किलोमीटरवर बसलेल्या माणसाने हाड हातात घेतल्यासारखं उलटसुलट बघावं, ही काय साधी गोष्ट आहे?

आणि एकदम ती किंचाळली, "थांब, नीना! तो टवका बघ!"

दोन्ही हाडांच्या खालच्या टोकाला नखाएवढा टवका उडालेला होता.

"तो तर आजोबांच्या पहारेचा!" डिग्बी म्हणाला. "त्यापायी तीन दिवस धड जेवले नव्हते ते. 'हजारो वर्षं शाबूत राहिलं आणि मी एका घावात खराब केलं,' म्हणत होते."

"पण पहार डाव्या हाडालाच लागली होती, आणि तीही एकदाच!" केझिया म्हणाली.

नीनाने दोन्ही टवके शेजारी शेजारी आणले.

"लॅकलनच शाळेत येऊन सांगत होता ना," नीना सावकाश म्हणाली, "की सांगाड्यातलं एका बाजूचं हाड मिळालं नाही, तर दुसऱ्या बाजूचं उलटवून ते तयार करतात? आणि त्याने ही मॉडेलं केली, त्याच संध्याकाळी फुटबॉलची फायनल होती! आमच्याकडे चिप्स घ्यायला धावत आला होता. म्हणे, यंत्राची बॅटरी संपली म्हणून वेळेवर सुटलो!"

"चला, सांगू त्याला!" डिग्बी उसळला.

"नको," केझिया म्हणाली. "'पोरांनो, खेळा जाऊन,' म्हणेल. त्याच्याच तोंडून वदवू."

तीन वाजता बर्निस मावशींशी बोलायला त्यांच्या टेबलावरच्या पडद्यावर व्हिडिओ कॉलने प्रोफेसर प्रुएट आल्या, तेव्हा मुलं आजोबांना ओढतच घेऊन आली.

"लॅकलन, आजोबांच्या हाताचं मॉडेल करून दे ना! आठवण म्हणून. तुझ्यासारखं कुणाला जमणारे?"

लॅकलन खुलला. आजोबांच्या डाव्या हातावरून त्याने यंत्र फिरवलं. शिरा, सुरकुत्या, जुने व्रण, सगळा हात पडद्यावर हुबेहूब उमटला!

"आता उजवा," केझिया साळसूदपणे म्हणाली.

"त्याला कशाला यंत्र लावायचं? हे बघ!" लॅकलनने एक बटण दाबलं. शेजारी दुसरा हात उभा राहिला.

"अरे बापरे!" डिग्बी ओरडला. "आजोबा, तुमच्या दोन्ही करंगळ्या अर्ध्या!"

आजोबांची डावी करंगळी तरुणपणी लोकर कापायच्या यंत्रात गेली होती. त्यांनी उजवा हात वर केला. ती करंगळी अख्खी होती!

सगळे खो खो हसले. केझिया हसली नाही. तिने शेजारी दोन हाडांची मॉडेलं लावली आणि दोन्ही टवक्यांवर बोट ठेवलं. "प्रोफेसर, पहारेचा घाव एकाच हाडाला बसला होता. खरं उजवं हाड खोक्यात आहे. त्यावर यंत्र फिरलंच नाही!"

लॅकलनचा चेहरा पांढराफटक पडला. "मी... तात्पुरतं केलं होतं. नंतर खरं करणार होतो. विसरलो."

"खोकं उघडा," प्रोफेसर म्हणाल्या.

उजव्या हाडावर टवका नव्हता! लॅकलनने खाली मान घालून त्याचं नवं मॉडेल केलं. प्रोफेसरांनी ते आधीच्या खोट्या मॉडेलवर अलगद बसवायला लावलं. जिथे दोन्ही जुळत होती, तिथे निळा रंग आला. फरक होता तिथे लाल. खालच्या टोकाला टवक्याएवढा लाल ठिपका, बाकी सगळीकडे फिकं निळं, आणि मधोमध एक लालभडक पट्टा!

"साध्या डोळ्यांना दिसलंच नसतं!" प्रोफेसर खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "हाड इथे जाड झालंय. मला वाटतं, हा पाय मोडून पुन्हा जुळला होता. आतून तपासून खात्री करू. पण असं असेल, तर पाय मोडूनही हा कांगारू पुढे बरेच दिवस जगला!" मग त्यांचा आवाज खाली आला. "क्लॅरी, हाडं न बघताच मी तुमच्यावर ठपका ठेवला. मला माफ करा. उद्या मी स्वतः प्रदर्शनाला येऊन हे सगळ्यांसमोर सांगेन."

"मी पण सांगेन," लॅकलन पुटपुटला. "आणि या तिघांना यंत्र चालवायला शिकवेन. म्हणजे माझ्यावर कुणीतरी लक्ष ठेवेल."

"शाब्बास रे पोरांनो!" बर्निस मावशींनी केकचं ताट पुढे केलं.

आजोबांनी डावं हाड हातात घेतलं. ज्या टवक्याकडे ते महिनाभर बघत नव्हते, त्यावरून त्यांनी ती अर्धी करंगळी फिरवली. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत.

"एवढी मोठी चूक केली मी त्या दिवशी," ते म्हणाले, "आणि माझ्या नातीने तिचंच सोनं केलं! केझिया, उद्या हाडांवरचं झाकण तू काढायचंस."

एवढं बोलून त्यांनी केक उचलला आणि एका घासात संपवला.