तोफेच्या पितळेची फुलदाणी

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच नवापूरच्या पोलीस पाटील हेमांगी तामोरे यांना जागृतीचा फोन आला.

"ताय, फुलदाणी गेली. आतलं पत्रपण."

ती फुलदाणी गावाला ठाऊक होती. जागृतीचे सासरे रामा तोफखान्यात होते. एकाहत्तरच्या लढाईत उडालेल्या गोळ्याची पितळी पुंगळी त्यांनी छावणीत ठोकून घडवली, खिळ्याने तिच्यावर पापलेटांची जोडी कोरली आणि बायकोला, गोजराबाईंना, आणून दिली. पन्नासहून जास्त वर्षं ती फळीवर चमकत होती.

पत्र त्यांच्या मुलाचं, जागृतीच्या नवऱ्याचं, धर्मेशचं. त्याची बोट समुद्रात हद्द ओलांडून गेली होती. एकाहत्तरला ज्याच्याशी लढाई झाली, त्याच पलीकडच्या देशाच्या तुरुंगात तो दोन वर्षांपासून होता.

"पत्र त्यात का ठेवलंस?"

"आयेपासून लपवायला. खोकताना रक्त पडतं, असं लिवलंय त्यानं. उद्या पालघरला त्याच्या सुटकेचा अर्ज द्यायचाय, त्याला तेच जोडायचं हाय."

"नक्कल?"

"नाय काढली. कुणीतरी आयेला बोललं असतं."

जागृतीचा संशय बोईसरच्या पुंजाराम भंगारवाल्यावर. त्याने तीनदा फुलदाणी मागितली होती. हेमांगीने त्याला फोन लावला.

"म्हातारीने कोयता दाखवला मला, मॅडम! पुन्हा कोण जातंय तिथे?"

हेमांगी जागृतीच्या घरी आली. फुलदाणीतली कागदी फुलं तांब्यात नीट ठेवलेली. देव्हाऱ्याखाली हळदकुंकू लावलेला नारळ.

"काल दर्याला नारळ कुणी वाहिला?"

"आयेनं. सोनेरी कागदात गुंडाळून, होडीतून, पार खोल पाण्यात. पोरांनी बुड्या मारल्या, पण टाकल्याटाकल्या तळाला गेला."

हेमांगी देव्हाऱ्याखालच्या नारळाकडे एकदा पाहून बाहेर आली. मग ओटीवर सुकट निवडणाऱ्या गोजराबाईंजवळ टेकली.

"आजी, नारळ तरंगतो. तुमचा बुडाला. खरा नारळ तर घरातच आहे. आणि चोर काही फुलं तांब्यात लावून जात नाही. त्या सोनेरी कागदात फुलदाणी होती ना?"

म्हातारीचे हात थांबले नाहीत.

"व्हय. त्यांच्यावर उडवलेला गोळा घरात मिरवायचा, नि माझा पोर सोडा म्हणायचं? दर्याला म्हटलं, हे तू घे, धर्मेशला दे."

"आत काही दिसलं नाही?"

"मला कुठं दिसतंय, पोरी. काय होतं आत?"

जागृतीने पदर तोंडाला लावला. "धर्मेशचं पत्र होतं, आये."

हात थांबले.

"काय लिवलेलं?"

जागृतीने हेमांगीकडे पाहिलं. "बरा हाय म्हणून. दोन वेळ जेवतो म्हणून."

"मंग दर्यानं वाचलं असंल ते," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा सुकट निवडू लागली.

आत येऊन हेमांगीने उद्याचा अर्ज घेतला. 'सोबत: कैद्याचे पत्र' ही ओळ तिने खोडली. तिच्या जागी लिहायला दुसरं काहीच नव्हतं.