शेजारच्या सीटचा पट्टा

ज्यांना ही बनवाबनवी वाटेल त्यांनी खुशाल इथेच थांबावं. पण ही माझी गाडी आहे, माझं घर आहे, आणि मी कुणाला घाबरवायला बसलेली नाही… मी स्वतःच घाबरलेली आहे.

गेल्या नोव्हेंबरातली संध्याकाळ. कामावरून घरी येतानाचा बोगदा.

आधी गाडीबद्दल सांगते, कारण तिचा दोष काहीच नव्हता.

मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. रोज टेकडीपलीकडे जायचं आणि संध्याकाळी पाळणाघर बंद व्हायच्या आत चिमण्याला उचलायचं. चिमण्या म्हणजे माझा लेक, एकदा सुरू झाला की झोपेपर्यंत बोलणारा. त्याच्यासाठीच ही छोटी सेडान घेतली, वापरलेली. नवरा म्हणाला, "डबा आणलास." आठवड्याभरात त्याच डब्याची किल्ली तो माझ्याआधी उचलायला लागला.

स्टिअरिंग एका बोटाने फिरतं. एसी चढावरही दमत नाही. डिकीत चिमण्याची सायकल मावून वर सामान मावतं. अ‍ॅव्हरेजबद्दल तर मी इतकं बोलायचे की लॅबमधले लोक मला पाहून चहाचा कप घेऊन पळायचे.

एकच खोड होती.

शेजारची सीट रिकामी असली तरी सीटबेल्टची घंटी वाजायची.

टिंग… टिंग… टिंग…

तीसुद्धा फक्त परतीच्या वाटेवर. बोगद्याआधीच्या वळणावर सुरू व्हायची. बोगदा संपला की जुन्या बसथांब्यापाशी बंद. रोज.

गॅरेजवाल्या काकांनी सीट उचकटून पाहिली.

"ताई, वायरिंग ठणठणीत आहे. कुणी बसलं तरच वाजते ही."

"कुणी बसतच नाही हो काका. पर्ससुद्धा मागे ठेवते मी."

"मग रिकाम्या सीटचा पट्टा अडकवून टाका ना. अर्धं गाव तेच करतं."

त्या संध्याकाळी वळणावर घंटी सुरू झाली आणि माझं डोकं फिरलं. दिवसभर लॅबमध्ये मशीनची टिंगटिंग, वर ही. गाडी कडेला घेतली आणि वाकून शेजारचा पट्टा ओढला.

जरा जास्तच ओढावा लागला…

खट्. अडकला. घंटी थांबली.

"आता राहा गप्प," मी मोठ्याने म्हटलं. हे शब्द आठवले की आजही अंगावर काटा येतो.

बोगद्यात शिरले आणि पुढच्या गाड्यांचे लाल दिवे लागले. जाम. शेजारच्या बाजूला भिंत. माझ्या बाजूला ट्रक, इतका खेटून की दार बोटभरही उघडलं नसतं.

एसी चालूच होता. तरी शेजारची काच धुरकट होत होती…

आतून.

पुन्हा निवळायची. पुन्हा धुरकट व्हायची.

मी हळूच नजर खाली नेली.

पट्टा सीटला टेकलेला नव्हता. तो ताणलेला होता, हवेतच… आणि वर-खाली होत होता.

माझा पट्टा सोडवायला गेले तर बटण दबेना. ओढला तर उलट आवळायला लागला. श्वास पुरेना. मी ट्रकच्या बाजूची काच बडवली. ड्रायव्हरने वरून डोकावून पाहिलं आणि वैतागून ओरडला, "ओ ताई, मी तरी कुठे जाऊ? बसा की दोघी निवांत!"

दोघी…

तेवढ्यात शेजारून आवाज आला. खट… खट… खट… कुणीतरी पट्ट्याचं लाल बटण चाचपत होतं. तिलाही सुटायचं होतं.

जाम सुटला. मागून हॉर्नचा भडिमार. बोगदा संपला, जुना बसथांबा दिसला आणि ती खटखट वेडीपिशी झाली. थांबायला जागाच नव्हती. मागच्या गाड्या मला ढकलतच नेत होत्या.

थांबा मागे पडला.

खटखट बंद झाली.

पुढे जागा मिळताच मी गाडी कडेला घेतली आणि डोळे मिटून शेजारचं बटण दाबलं. पट्टा सावकाश सरकत परत गेला. त्यासरशी माझाही सुटला.

टिंग… टिंग…

खरं सांगते, मला हायसं वाटलं. ओळखीचा आवाज होता ना! पाळणाघर बंद व्हायला आलं होतं, चिमण्या दारात रडवेला उभा असणार. विचार करायला वेळ नव्हता. त्याला मागच्या सीटवर बसवलं. एरवी कान किटवणारा पोरगा वाटभर चिडीचूप. एकटक पुढच्या सीटकडे बघत होता.

आमच्या फाटकाशी घंटी थांबली.

दुसऱ्या दिवशी बोगद्यात काहीच वाजलं नाही. नंतरही नाही. "बघ, आपोआप सुधारली तुझी लाडकी," नवरा म्हणाला. मीही हसले. आणि हसता हसता डोक्यात लख्ख प्रकाश पडला…

ती चढली की घंटी वाजायची. ती उतरली की थांबायची.

तिचा थांबा मी चुकवला होता. ती आमच्या फाटकाशी उतरली.

चिमण्या हल्ली फारसं बोलत नाही. जेवताना त्याच्या शेजारच्या खुर्चीवर कुणाला बसू देत नाही. बाबाने गमतीत बसायचा आव आणला तर किंचाळला. "रिकामी नाहीये ती," एवढंच म्हणाला.

नवऱ्याला वाटतं, गाडी विकावी. मी विकू देत नाही. गाडी गेली तर ती जाणार कशाने?

रोज संध्याकाळी मी चिमण्याला कडेवर घेऊन खाली उतरते, म्हणजे तीही मागोमाग येईल. गाडीचं शेजारचं दार उघडून थोडा वेळ थांबते. मग दार लावते, माझ्या जागेवर बसते, किल्ली फिरवते आणि कान देऊन ऐकते…

घंटी अजून वाजलेली नाही.