दोन फाटकांच्या मधे

ज्याला पटणार नाही त्याने खुशाल हसावं. पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. नेलिदा माझी आतेबहीण. आणि त्या दिवशी चिलीच्या सरहद्दीवरच्या फाटकावर पहाऱ्याला असलेला बार्रिया अजून जिवंत आहे. त्याला विचारून बघा.

तो विषय बदलेल.

एप्रिलमधला शुक्रवार होता. दुपार कलत आलेली. आमच्या पॅटागोनियात तेव्हा थंडीची चाहूल लागते.

नेलिदा अर्जेंटिनातल्या एका मेंढ्यांच्या फार्मवर कामगारांचा स्वयंपाक करायची. नवरा दूर उत्तरेला खाणीत. सात वर्षांची रायेन शाळेसाठी इकडे चिलीत, आजीकडे, म्हणजे माझ्या इर्मा आत्याकडे राहायची. दर शुक्रवारी नेलिदा आपल्या जुन्या पांढऱ्या पिकअपने सरहद्द ओलांडून लेकीकडे यायची.

अर्जेंटिनाच्या फाटकावर त्या दिवशी सोसा होता.

"काय नेली, आज काय पळवून नेतेस?"

"तुझी अक्कल. बघ, मागे काही दिसतंय का?"

सोसा खो खो हसला. शिक्का मारला, फाटक उचललं.

"जा बाई. सकाळपासून तूच पहिली."

एका फाटकापासून दुसऱ्यापर्यंत बराच लांब कच्चा रस्ता आहे. घर नाही, झाड नाही. दोन्हीकडे तारेचं कुंपण आणि पिवळं गवत. तो रस्ता कुणाचाच नाही, असं आमच्याकडे म्हणतात.

आणि वारा. आमच्याकडे वारा कायमचा. गाडीचं दार सांभाळून उघडावं लागतं, नाहीतर बिजागरीसकट जातं.

अर्ध्या रस्त्यात नेलिदाला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

आधी कळेना काय.

मग कळलं...

वारा थांबला होता.

कमी झाला नव्हता. थांबला होता. गवताचं एक पातं हलत नव्हतं.

समोर रस्त्यावर धुळीचा लोट उभा होता. नुकतीच गाडी गेल्यावर उडते तशी धूळ. पण ती खाली बसत नव्हती, बाजूलाही सरकत नव्हती.

सकाळपासून तूच पहिली, असं सोसा म्हणाला होता ना?

तिने गाडी थांबवली. काच खाली केली. कुंपणापलीकडे ग्वानाकोंचा, उंटाच्या जातीतल्या लांब मानेच्या जनावरांचा, कळप उभा होता. एरवी गाडी दिसली की हे प्राणी उधळतात. आज एकानेही तिच्याकडे बघितलं नाही. सगळ्यांच्या माना चिलीच्या दिशेला वळलेल्या.

तेवढ्यात लांबून, त्या धुळीपलीकडून...

हॉर्न वाजला. दोनदा.

त्या हॉर्नचा आवाज फाटलेला होता. तिच्या गाडीच्या हॉर्नसारखा. आणि आईच्या दारात पोचली की ती अस्साच दोनदा वाजवायची.

तिने काच वर घेतली आणि गाडी जोरात हाणली.

चिलीच्या फाटकावर बार्रिया बाहेर आला. तिला बघितलं आणि जागीच थबकला.

"अगं... तू?"

"मग कोण, माझी सासू?"

बार्रिया हसला नाही.

"नेली, तू मघाशीच गेलीस."

"पिऊन आलायस का?"

"फाटक मीच उघडलं. हीच पिकअप, हीच तू. काच खाली घेतली नाहीस. मी नेहमीसारखं म्हटलं, फळं, मांस, मध काही असेल तर इथेच ठेव. तू नुसती बघत राहिलीस. वाटलं, घरून काही वाईट कळलं असेल. तुला काय मी आज ओळखतो? सोडलं."

"माझी थट्टा करतोस?"

"आईशप्पथ नाही."

नेलिदा हसणार होती. पण हसू ओठांवर आलंच नाही.

तिला रायेन आठवली.

ती चौकीत धावली. तिथल्या फोनवरून घरी फोन लावला. आत्याने उचलला.

"आई, रायेन कुठाय?"

"हे काय विचारणं? तुझ्याच गाडीत आहे ना!"

नेलिदाने खिडकीतून बाहेर आपल्या रिकाम्या गाडीकडे बघितलं.

"आज तुझं झालंय तरी काय?" आत्या बोलतच होती. "दोनदा हॉर्न वाजवलास आणि गाडीतच बसून राहिलीस. मी आपल्या हिरव्या माते-चहाचं पाणी ठेवलं होतं. पोरगी यायला तयार नव्हती. चुलीमागे दडून बसली. मीच दटावून, हाताला धरून तुझ्या शेजारी बसवली."

"गाडी कुठे गेली, आई?"

"फाटकाकडे. नेली... तू कुठून बोलतेस?"

गावातून फाटकाकडे एकच रस्ता येतो.

बार्रियाने फाटक खाली पाडलं, कुलूप घातलं. दोघं रस्त्यात उभी राहिली. वर खांबावर झेंडा ओल्या फडक्यासारखा लोंबत होता.

वळणावर धूळ दिसली.

मग पांढरी पिकअप.

कच्च्या रस्त्यावर गाडी आली की खडी चुरचुरते. इंजिन घरघरतं.

काहीच ऐकू येत नव्हतं.

हाकेच्या अंतरावर गाडी थांबली. फुटलेला डावा दिवा तसाच. नंबर तोच. काचेवर ऊन पडलेलं, आतलं दिसत नव्हतं.

दार उघडलं. रायेन खाली उतरली. पाठीला दप्तर.

ती चालत निघाली आणि मध्येच थांबली. मागे वळून गाडीकडे बघितलं. मग समोर आईकडे.

"रायेन!"

पोरगी हलली नाही.

नेलिदा धावणार, तोच बार्रियाने तिचा दंड धरला. "थांब. धावलीस तर घाबरेल."

नेलिदा तिथेच खडीवर गुडघ्यांवर बसली. हात पसरले.

"ये ना गं, बाळा."

"मग ती कोण आहे?" रायेनने विचारलं.

"मला नाही माहीत, राणी. तू फक्त इकडे ये."

पोरगी उभीच. एकदा इकडे बघते, एकदा तिकडे.

मग एक पाऊल. आणखी एक.

आणि ज्या क्षणी ती नेलिदाच्या हातात आली, त्या क्षणी वारा सुटला. असा की बार्रियाची टोपी उडाली आणि डोळ्यांत धूळ गेली. डोळे चोळून बघतो, तर रस्ता रिकामा.

बार्रिया गाडी घेऊन थेट गावापर्यंत जाऊन आला. चाकांच्या खुणा वाऱ्याने पुसल्या असतील, असं तो म्हणतो. या रस्त्याला दुसरा फाटा नाही, हे मात्र तो बोलत नाही.

नेलिदाने फार्मवरची नोकरी सोडली. पुन्हा कधी सरहद्द ओलांडली नाही. रायेन त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही.

थंडीत मी आत्याकडे गेलो होतो. नेलिदा आत पावाचं पीठ मळत होती. रायेन माझ्याजवळ चुलीपाशी बसलेली. ती आपणहूनच म्हणाली,

"मामा, गाडीतली आई रडत होती."

मी तिच्याकडे वळलो.

"बोलायची, पण आवाजच येत नव्हता. मी दार उघडलं तेव्हा म्हणत होती, जाऊ नकोस. तिच्याकडे नको जाऊस."

"आवाज येत नव्हता, मग तुला कळलं कसं?"

"आईचं तोंड मला कळतं."

तिने गुडघे पोटाशी घेतले. मग हळूच विचारलं...

"मी खऱ्या आईकडेच आले ना?"

आत पीठ मळायचा आवाज थांबला.

नेलिदा दारात येऊन उभी राहिली. हात पिठाने भरलेले. ती लेकीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मी काय उत्तर देतो, याची वाट बघत.

मी "हो" म्हणालो.

दुसरं काय म्हणणार होतो?