मागे राहिलेली मेंढरं

व्यासपीठावरून उच्चारलेला शब्द युगानुयुगं टिकतो, असं पाळकसाहेबांचं ठाम मत होतं. प्रत्यक्षात तो दुसऱ्या बाकापर्यंत टिके. तिसऱ्या बाकापासून झोप सुरू होई.

दोष शब्दाचा नव्हता, व्रताचा होता. दीक्षा घेतली तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं, की पवित्र शास्त्रातलं एकही वचन गाळायचं नाही. पहिल्या पानापासून ओळीनं शिकवत जायचं. वंशावळ्या येईपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग रविवारमागून रविवार अमक्याला तमका झाला आणि तमक्याला ढमका. व्यासपीठावर पिढ्या वाढत गेल्या, बाकांवर माणसं कमी होत गेली.

मंडळीच्या पंचांत एक निवृत्त कंपाउंडर होते. त्यांनी एकदा चहाच्या कपात बघत विषय काढला. "साहेब, औषध उत्तम आहे हो. पण रोगी डोस घ्यायला जागा राहत नाही. उन्हाळ्यापर्यंत बघू. नाहीतर दुसरा पाळक मागवावा लागेल."

उपदेशाखेरीज पाळकसाहेबांना जगात एकच गोष्ट येत होती, ती म्हणजे सायकलचं पंक्चर काढणं. म्हातारपण त्यावर निघण्यासारखं नव्हतं.

उपासना संपली की पाळकानं दाराशी उभं राहून एकेकाचा हात हातात घ्यायचा, अशी रीत. लोक "छान झालं" म्हणत आणि त्याचा अर्थ "संपलं" असा असे. पण त्या रविवारी शिंपीणकाकूंनी हात धरला तो सोडेचनात. त्यांचे डोळे ओले होते.

"साहेब, त्या मागे राहिलेल्या मेंढरांचा मी कधी विचारच केला नव्हता."

"कुठली मेंढरं?"

"अहो, ती नव्याण्णव. एक हरवलं म्हणून मेंढपाळ शोधायला गेला, आणि ही बिचारी रानात तशीच. तुम्ही तो वारा सांगितलात ना, मी शाल घट्ट ओढून घेतली."

पाळकसाहेब त्या दिवशी वंशावळीतली, देवळाच्या द्वारपाळांच्या मुलांची नावं वाचत होते. काकूंना बसल्या बसल्या स्वप्न पडलं असावं, असं त्यांनी धरून चालायचं ठरवलं. पण पाठोपाठ आलेले कंपाउंडरही वाऱ्याबद्दलच बोलले.

फुकट मिळालेलं कौतुक परत करायला मन मोठं लागतं. पाळकसाहेबांचं मध्यम होतं. त्यांनी मान किंचित झुकवली.

घरी बायको मटार सोलत होती.

"अगं, आज मी कशावर बोललो?"

"परीक्षा घेताय का माझी? मेंढरांवर बोललात." तिनं एक दाणा तोंडात टाकला. "आणि अहो, खरं सांगू का, लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा मी शेवटपर्यंत जागी होते."

पुढच्या रविवारी बाकं भिंतीपर्यंत भरली. उंच खिडक्यांच्या पिवळ्या काचांतून ऊन आत येत होतं आणि त्यात धूळ अशी सावकाश तरंगत होती, की जणू तिलाही आज कुठं जायचं नव्हतं. पाळकसाहेब नावं वाचू लागले. समोरचे चेहरे वर झाले. फक्त ते त्यांच्याकडे नव्हते. त्यांच्या डाव्या खांद्याच्या जरा पलीकडे होते. मध्येच सगळे हलकेच हसले. पाणी प्यायला ते थांबले, तरी लोक ऐकतच राहिले.

दाराशी शिंपीणकाकू म्हणाल्या, "तो दुसरा आला आणि मेंढरांजवळ बसला, तिथं जिवाला किती बरं वाटलं."

"दुसरा कोण?"

"मेंढपाळासारखाच झगा घातलेला. आता साहेब, ते तर तुम्हीच सांगणार ना?"

त्यानंतरच्या रविवारी पाळकसाहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. तसेच उभे राहिले. वर पंखा फिरत होता. हळूहळू एकेक जण डोळे पुसू लागला.

"आवाज काय लागला होता आज तुमचा," घरी जाताना बायको म्हणाली. "मेंढरांना त्या दुसऱ्याचीच सवय झाली म्हणालात ना, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला."

दुसरा पाळक मागवायची भाषा आता कुणी करत नव्हतं. कंपाउंडर तर रस्त्यात टोपी काढून नमस्कार करत. पाळकसाहेबांना मात्र जेवण जाईना. साऱ्या गावानं ऐकलेला त्यांचा उपदेश एकट्या त्यांनीच ऐकला नव्हता. जो तो विचारी, "मेंढपाळ परत येतो तेव्हा काय होतं, साहेब?" त्यांना ठाऊक नव्हतं. स्वतः न ऐकलेलं दुसऱ्याला ऐकवायचं, हे त्यांच्या व्रतात बसत नव्हतं. एकदा, फक्त एकदाच, आपला शब्द आपल्या कानांनी ऐकायचा आणि मग तो आपलाच आहे असं ठामपणे म्हणायचं, एवढंच त्यांनी ठरवलं.

म्हणून त्या रविवारी त्यांनी झगा खुंटीवरच ठेवला. लोक उभं राहून गीत गात होते, तेवढ्यात ते बाजूच्या दारानं आत आले आणि पुढच्या बाकाशी, शिंपीणकाकूंच्या शेजारी उभे राहिले. कुणी वळून पाहिलं नाही.

गीत संपलं. सगळे बसले.

व्यासपीठ रिकामं होतं. त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. चेहरे वर झाले.

पाळकसाहेबांनी कान दिला. पंख्याचा आवाज. कुणाच्या तरी चपलेची करकर. ते पुढे झुकले, मान उंच केली, श्वास रोखला.

काहीच नाही.

पलीकडे कंपाउंडर मान डोलावत होते.

मग सगळ्या मंडळीनं एकदम श्वास आत घेतला.

"आला परत," शिंपीणकाकू पुटपुटल्या.

"मग?" पाळकसाहेबांनी कुजबुजत विचारलं. "ओळखलं का मेंढरांनी त्याला?"

काकूंनी त्यांच्याकडे न बघताच ओठांवर बोट ठेवलं.

मागून कुणीतरी त्यांच्या खांद्याला हळूच स्पर्श केला. ते वळले. बायको होती. चेहरा टवटवीत, नजर त्यांच्यावरून पलीकडे, व्यासपीठाकडे लागलेली. नव्यानं आलेल्या माणसाकडे बघून हसतात तसं ती किंचित हसली.

"भाऊ, डोकं जरा बाजूला घेता का? आमचे हे दिसत नाहीत मला."