दोन टोले

ब्लोअरचा पट्टा आणायला मी हिंगोलीला गेलो, तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. एवढंच काम. स्टेशनजवळच्या दुकानात पट्टा मिळाला, रसवंतीवर एक ग्लास रस घेतला आणि मोटारसायकलवरून साखऱ्याच्या माळाकडे परत निघालो. मे महिना होता, पण मी काही घाई केली नाही. पट्टा बसेपर्यंत आत कोणी जाणार नाही, असं सुपरवायझर भागवतनं मला तोंडावर सांगितलं होतं. त्या माणसाच्या शब्दावर मी विसंबलो, याची चीड आजही जात नाही. ऐकायला बसलाच आहात तर सगळं ऐका, फक्त मध्येच ‘भास झाला असेल’ म्हणू नका. तसं म्हणणारे शहाणे मला पुष्कळ भेटलेत.

आमचं काम होतं गावांना पाणी नेणाऱ्या पोलादी पाइपलाइनचं. पाइप कारखान्यातूनच आतून-बाहेरून इपॉक्सीचा लेप घेऊन येतात. गंज धरू नये, पाण्याबरोबर येणाऱ्या वाळूनं पोलाद झिजू नये म्हणून. पण दोन पाइप जोडताना वेल्डिंगच्या आचेनं सांध्याजवळचा लेप जळतो, आणि तेवढी जागा मग आतून हातानं रंगवावी लागते. अडीच फूट व्यासाचा पाइप. माणूस चाकांच्या फळीवर पालथा पडून सरकत आत जातो. तो रंग डोक्यात चढतो, माणसाला कळायच्या आत झोपवतो. म्हणून बाहेरून ब्लोअरनं हवा सोडायची, त्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि पाइपच्या तोंडाशी एक माणूस बसवायचा. तो माणूस मी. दर पाच मिनिटांनी मी हातोडीनं पाइपवर एक टोला द्यायचा, आतल्यानं पान्यानं दोन द्यायचे. एक म्हणजे ‘बरा आहेस ना?’, दोन म्हणजे ‘बरा आहे.’ दोन आले नाहीत की दोर ओढायचा.

मी पोचलो तर माझ्या जागेवर मिराबाई बसली होती. ही रंग कालवणारी बाई. तिच्या हातात माझी हातोडी होती, आणि ब्लोअरचा जनरेटर जागेवर नव्हता.

“आत कोन हाय?” मी विचारलं.

“कय्युमभाई,” ती म्हणाली. “पाच पाइप आत. शेवटच्या सांध्यावर.”

कय्युमभाई आमचा आतला रंगारी. पंधरा वर्षं हेच काम केलेला, अबोल माणूस. त्याची बायको मदीनाबी डब्यात माझ्या नावाची एक भाकरी जास्त घालायची, आणि ती मी खाल्ल्याशिवाय हा स्वतः जेवायचा नाही. त्याला हवेशिवाय साठ मीटर आत घातलं होतं. मी पट्टा फेकला आणि भागवतकडे गेलो. तो सावलीत मोबाइल बघत उभा होता.

“जनरेटर कुठं हाय?”

“मांडवात. मोठे साहेब लाइन बघायला येऊन राहिले. कुलर नको का लावाया?”

“अन् ह्याला हवा?”

“ओरडून काहून राहिला? रंग कालवून झाला व्हता. असल्या उन्हात अर्ध्या घंट्यात डब्यातच दगड होतो, तुला म्हाईत न्हाई का? डबा फेकून देऊ? त्यो जबाब देऊन राहिला ना बराबर? मंग?”

म्हणजे कालवलेला डबा वाया जाऊ नये म्हणून माणूस आत ढकलला! हात शिवशिवत होते माझे. पण भांडणात वेळ गेला असता, म्हणून मी मिराबाईकडून हातोडी घेतली आणि एक टोला दिला.

टण्. टण्.

स्वच्छ, ठणठणीत जबाब आला. मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचाही मला आता राग येतो.

पाच मिनिटांनी पुन्हा एक. पुन्हा दोन. पाइपच्या तोंडातून तो तिखट, गोडसर वास येत होता, डोळे चुरचुरत होते. बाहेर ऊन पांढरंफेक, आणि आत हातभरावर अंधार. खूप दूर कय्युमभाईच्या डोक्यावरच्या बॅटरीचा ठिपका दिसत होता. तो हलत नव्हता. रंग लावणाऱ्याचं डोकं हाताबरोबर हलतं, उजेड हलतो. कय्युमभाई आत खोकतो, खाकरतो. आज काहीच नाही.

“कय्युमभाई…” मी पाइपमध्ये तोंड घालून हाक मारली.

माझा आवाज आत गेला आणि परत आलाच नाही. त्याच्या जागी दोन टोले आले. मी टोला दिलेला नसताना.

मी उठून दोर धरला तशी भागवत धावत आला आणि त्यानं माझं मनगट पकडलं.

“दोर सोड. फळी मागं आली की ओला रंग समदा पुसून जाईल. साहेबाला काय दाखवू, तुझं तोंड?”

“उजेड हालून न्हाई राहिला. मी ओढतो.”

त्यानं माझ्या हातातली हातोडी हिसकली आणि स्वतः एक टोला हाणला. त्याचा आवाज विरायच्या आत दोन टोले आले.

“घे!” भागवत म्हणाला. “जित्ता हाय का न्हाई?”

मिराबाईला आमच्या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. आत जाताना कय्युमभाईनं काढून ठेवलेला सदरा उन्हात पडला होता, तो तिनं घडी घालायला उचलला. आणि ती तशीच थांबली.

“भाऊ…” ती अगदी हळू म्हणाली. “पाना तर हितंच हाय की वो…”

सदऱ्याखाली पाना होता. घाईत ढकललेला माणूस पाना बाहेरच विसरला होता. आम्ही तिघं त्या पान्याकडे बघत राहिलो. आणि आत लोखंडावर लोखंड वाजलं. दोनदा. सावकाश.

मी भागवतला असा धक्का दिला की तो मातीत बसला. मिराबाईनं पदर खोचला आणि माझ्यामागं दोर धरला. दोर येईना. फळीला चाकं आहेत, एका हातानं यायला हवी. पण पलीकडून कोणीतरी तो धरून ठेवला होता. मी तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या, आतल्याला, भागवतला, साहेबाला, आणि पुन्हा ओढला. एकदम दोर ढिला झाला. आम्ही दोघं मागं पडलो आणि फळी खडखडत बाहेर आली.

कय्युमभाईचे ओठ निळे पडले होते. श्वास होता, पण किती, तर नाकाशी हात धरला तेव्हा कळण्याइतका. मिराबाईनं तोंडावर पाणी मारलं. मी त्याला उचलतच होतो, तेव्हा रिकाम्या पाइपमधून दोन टोले आले.

भागवतनं लाइनवरची माणसं मोजली. सगळी बाहेर होती. पाइपचं पलीकडचं तोंड परवाच पत्रा वेल्ड करून बंद केलेलं होतं.

“आत कोन हाय रे…?” पाइपकडे बघत त्यानं विचारलं. मग तो माझ्याकडे वळला. “तातेराव, साहेबाला काय सांगू नको. ह्या तोंडालाबी पत्रा मारून घेतो.”

माणूस मरायला टेकला होता आणि याला पत्रा सुचत होता. मी त्याच्या अंगावर थुंकलो, खोटं कशाला सांगू. पिकअपमध्ये कय्युमभाईला घातलं आणि हिंगोली गाठली.

ऑक्सिजन लावला, सलाइन लावलं. दिवस कलायच्या सुमारास त्यानं डोळे उघडले. मदीनाबी त्याच्या तोंडावरचा वाळलेला रंग खोबरेल तेलानं पुसत होती, आणि पुसता पुसता तिचा हात थांबला. तोंडावरच्या रंगात पंजा उमटला होता. एका गालावर चार बोटं, दुसऱ्यावर अंगठा, मागून आवळून धरल्यासारखा. बोटांवरच्या रेषासुद्धा दिसत होत्या. कय्युमभाईच्या हातांतले रबरी मोजे दवाखान्यात मीच काढले होते.

“तातेरावभाऊ…” तो म्हणाला.

“नक्को बोलो जी,” मदीनाबी म्हणाली.

“बोलू दे. भाऊ, तुमचा टोला मला ऐकू येत व्हता. पन हात उचलंना. म्या जबाब दिलाच न्हाई.”

“मंग कोन देऊन राहिलं व्हतं?”

“त्यो. माझ्या पाठीमागं… तुमच्या अन् माझ्या मधी. तोंडावर हात ठिवला व्हता त्यानं. तुमचा टोला आला की त्यो दोन देयाचा…”

मदीनाबीनं त्याचा हात घट्ट धरला.  

“मंग हात काहाडला, अन् कानाशी बोलला. म्हनला, भाईर कोन हाय? नाव सांग, तुला सोडतो.” त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. “भाऊ, माफ करा. लेकरं डोळ्याम्होरं आली. म्या तुमचं नाव सांगितलं. तवा दोर सोडला त्यानं.”

मी भ्यायला हवं होतं. पण दिवसभराचा राग तेवढ्यात उसळून वर आला. वॉर्डातली माणसं माना वळवून बघायला लागली, इतक्या मोठ्यानं मी ओरडलो.

“अरे, नावच सांगायचं व्हतं तर त्या भागवतचं काहून न्हाई सांगितलं?”

कय्युमभाईनं माझं मनगट धरलं. त्याची बोटं थंडगार होती.

“पयले त्याचंच सांगितलं, भाऊ. त्यो हासला… म्हनला, ते नाव आधीच हाय माझ्यापाशी. दुसरं दे.”