खडूसचं खातं

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. माझ्या आत्याच्या बाबतीत घडलंय, आणि आत्या थापा मारणाऱ्यातली नाही.

सुट्टीची भर दुपार. हॉस्पिटलचं तळघर, सर्व्हरची खोली. आत एकटी आत्या.

हॉस्पिटलच्या सगळ्या कॉम्प्युटरचे पासवर्ड जुन्या, कच्च्या एन्क्रिप्शनमध्ये, म्हणजे सांकेतिक कुलपात होते. कुणीही सोम्यागोम्या फोडेल असे. ती ते पक्कं करत होती. यात मेख एकच. मशीनला खरा पासवर्ड माहीतच नसतो. ज्याचा त्याने टाइप केला, की मगच त्याला नवं कुलूप बसतं.

सगळ्यांनी टाइप केले होते. एकच खातं उरलं होतं... खडूसचं.

खडूस म्हणजे तिच्या आधी हे काम करणारा. तिला पाण्यात पाहायचा. "खुर्ची घेशील माझी, पण खातं नाही मिळायचं," असं तोंडावर म्हणाला होता. मग वारला. खातं पुसावं, तर या खोलीचं दार त्याने स्वतःच्याच खात्यावर चालवून ठेवलेलं; खातं गेलं की दारही बंद पडणार! असला आडमुठेपणा त्यानेच करावा.

आत्याने ठरवलं, कच्चं आहे तोवर फोडू आणि त्याचा पासवर्ड आपणच टाइप करू. तिने प्रोग्रॅम सुरू केला.

टक...

मागच्या कपाटातून.

टक... टक...

एकाच बोटाने टाइप केल्यासारखं. खडूस तसाच टाइप करायचा.

आत्या उठली. तिने कपाट उघडलं. आत त्याचा जुना कीबोर्ड होता. वायर गुंडाळलेली. कशालाच जोडलेला नाही.

आवाज थांबला.

ती वळली. स्क्रीनवर खडूसच्या नावापुढे हिरवी खूण... नवं कुलूप बसलं होतं.

ती दाराकडे धावली. दाराच्या कीपॅडवर आपला पासवर्ड टाकला. नाकारला. पुन्हा टाकला. नाकारला. एसी बंद पडला.

तिने वॉचमनला फोन लावला. "मामा, दार उघडा! मी अडकलेय आत!"

"मॅडम, इथे माझ्या स्क्रीनवर दिसतंय की आत एकच माणूस आहे." मामा अडखळले. "पण... नाव तुमचं नाहीये."

शेवटी दार पहारीने तोडलं.

आता नवं दार आहे. खातं कितीदा पुसलं, तरी सकाळी हजर. फोडणं तर कुणाच्या बापाला जमायचं नाही, इतकं पक्कं आत्यानेच केलंय.

आत जाताना तिचा पासवर्ड पहिल्या झटक्यात चालतो. बाहेर येतानाच अडतो. रोज थोडा जास्त वेळ.

काल तिचा फोन आला. आतूनच.

"काही विचारू नकोस. नुसता बोलत राहा माझ्याशी," म्हणाली.

मी बोलत राहिलो. तिच्या मागून ऐकू येत होतं...

टक... टक...